न फुटलेला आवाज

पेणच्या आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो दणक्यांनी. पोह्याच्या पापडाचं पीठ भिजलं की काकू त्याचा गोळा तेल लावलेल्या पाट्यावर घ्यायची आणि मुसळानं असा कुटायची की भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी हलायच्या. काकू म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. नवरा गेल्यावर ती आमच्याच घरात राहिली, आणि घरातल्या बायकांवर तिचाच हुकूम चालायचा. तिच्या एका बाजूला आई लाट्या करायची, दुसऱ्या बाजूला माझी थोरली बहीण शालूताई लाटायची. अंगणात बाजेवर जुनी लुगडी अंथरून त्यावर पापड वाळायचे. हिंगाचा आणि पापडखाराचा वास आमच्या कपड्यांना, वह्यांना, अंथरुणाला कायमचा चिकटलेला असायचा. जेवायला तांदळाची भाकरी आणि थंडीच्या दिवसांत कडव्या वालांचं बिरडं. वाल सोलायचं काम सगळ्यांनी मिळून करायचं. एकटे आबा त्यात कधी बसले नाहीत.

आबा म्हणजे माझे वडील. वडखळच्या बाजूला आमची भातशेती होती, ती ते बघायचे. पण त्यांची खरी ओळख कबड्डीची. त्यांच्या काळात ते आमच्या भागातले नावाजलेले चढाईचे गडी. गुडघा गेल्यावर खेळणं सुटलं तरी आमच्या आळीचा संघ त्यांनी सोडला नाही. संध्याकाळी देवळामागच्या मैदानात ते उभे राहिले की त्यांची हाक बाजारापर्यंत जायची. आई घरात बोलायचीच नाही. म्हणजे मुकी नव्हती, पण आबा समोर असले की तिचं बोलणं ‘हो’ आणि ‘वाढू का’ एवढंच.

मी चौदा-पंधरा वर्षांचा होईपर्यंत सगळं इतर पोरांसारखंच चाललं होतं. वरच्या ओठावर कोवळी लव आली. आता पुढं सगळं होणार असं वाटत असतानाच ते जिथल्या तिथं थांबलं. बरोबरीच्या पोरांचे आवाज फुटले, घोगरे झाले, मग जड झाले. त्यांच्या मांड्यांवर केस आले, गळ्याची घाटी पुढं आली. माझा आवाज मात्र शाळेत प्रार्थना म्हणायचो तेव्हाचाच राहिला. दुकानात मी मागून बोललो की दुकानदार मान न वळवता ‘काय पायजे गो?’ म्हणायचा, आणि मग वळून बघून हसायचा. सकाळी कपाळाच्या मागं ठणका लागायचा. सतरावं लागलं तेव्हा छाती भरू लागली. लठ्ठ माणसाची असते तशी नव्हे. मी तर काटकुळा होतो. हात लावला तरी दुखायचं. आणि कधी कधी गंजीफ्रॉकवर दोन ठिकाणी ओल यायची. वाळली की कापड तिथं कडक व्हायचं. कपडे आई धुवायची. ते तिला दिसत होतं हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही. आम्ही दोघंही त्यावर एक अक्षर बोललो नाही.

आता या वयात मी ते सगळं डॉक्टरांच्या भाषेत सांगू शकतो. दर तीन आठवड्यांनी दंडात सुई घेताना नव्या नर्सला समजावूनही सांगतो, आणि ती बिचारी मान खाली घालते. त्या वेळी माझ्यापाशी एकच शब्द होता, जो आळीतल्या पोरांनी मला दिला होता. बायल्या.

आबांनी मला संघातून काढलं नाही. उलट जास्त खेळवलं. ‘मैदानात घाम गाळला की सगळं ठिकाणावर येतं,’ असं त्यांचं मत. मी डावा कोपरा सांभाळायचो. आधी चांगला सांभाळायचो, हे मला सांगितलं पाहिजे, कारण नंतर कुणी ते कबूल केलं नाही. चढाईचा गडी मधल्या रेषेवरून आत आला की त्याच्या घोट्यावर झेप घ्यायची, एवढंच काम. पण त्या वर्षी काहीतरी विचित्र व्हायला लागलं. समोरचा गडी लख्ख दिसायचा, त्याच्या कपाळावरचा घामसुद्धा. तो जरा बाजूला सरकला की नाहीसा व्हायचा. विहिरीत पडावा तसा. आणि मग त्याची थाप माझ्या खांद्यावर पडायची. मी आबांना सांगितलं नाही. त्यांना काय सांगणार होतो?

रोह्याला थंडीत सामने भरायचे. कुंडलिकेच्या अलीकडच्या मैदानात कनाती लावल्या होत्या, कर्णा ओरडत होता, आणि बाजूच्या शेतात शेंगा भाजायला पोपटीची मडकी लावायचं चाललं होतं. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, त्याचा तो कडसर धूर सगळ्या मैदानावर पसरला होता. आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो होतो आणि सामना रोह्याच्याच संघाशी होता. आबा रेषेबाहेर धोतराचा काचा मारून उभे.

रोह्याच्या संघात चढाईचा एक उंच गडी होता. त्यानं पहिल्याच फेरीत ओळखलं की या कोपऱ्यातल्या पोराला बाजूचं कळत नाही. मग तो दर वेळी माझ्याकडेच यायचा. समोर यायचा, हसायचा, आणि नाहीसा व्हायचा. एकदा, दोनदा, पुन्हा. लोक हसायला लागले. ‘कोपऱ्यावरच्या बाईला उठवा!’ कुणीतरी ओरडलं. अगदी शेवटी मी डोळे मिटूनच झेप घेतली आणि त्याची कंबर हाताला लागली. माझ्या अंगावर आमचे गडी पडले, त्यांच्यावर तो. सुटायला त्यानं हाताला येईल ते ओढलं. माझा गंजीफ्रॉक गळ्यापासून खालपर्यंत फाटला. तो सुटून रेषेपार गेला, आणि मी उठून उभा राहिलो तो तसाच, सगळ्या रोह्यासमोर.

आधी कर्णा थांबला. मग शिट्टी आली, आणि तिच्या मागं सगळं मैदान. मी दोन्ही हात छातीवर धरले. बायका धरतात तसेच धरले असणार, कारण त्यानं हसणं आणखी वाढलं. आबा मैदानात आले. वाटलं, अंगावरचा पंचा माझ्या अंगावर टाकतील. त्यांनी माझे हात छातीवरून खाली ओढले आणि मुस्कटात मारली.

‘झाकतोस काय? बघूं दे की लोकांना. बघूं दे, माझ्या पोटी काय आलंय ते.’

पोपटीची मडकी उघडली तेव्हा मला कुणी हाक मारली नाही. परत येताना टेम्पोत मी पाठीमागं बसलो होतो. फाटकी गंजी पाठीकडून पुढं ओढून गाठ मारली होती. आमचेच गडी माझ्याजवळ बसायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मला दंडाला धरून पापडाच्या ओळीत नेऊन बसवलं. ‘वहिनी,’ ते काकूला म्हणाले, ‘आजपासून तुमाला एक बाई जास्त.’ काकू हसली नाही. तिनं लाटणं माझ्या पुढ्यात सरकवलं आणि म्हणाली, ‘पातळ लाट. जाड झाला तर परत लाटाय लावीन.’ मी सगळा उन्हाळा पापड लाटले. कुणी गिऱ्हाईक आलं की आबा मुद्दाम पडवीत येऊन उभे राहायचे. शाळा कायमची सुटलीच होती. आई माझ्या शेजारी बसायची आणि माझ्या वाटच्या लाट्या लहान करून द्यायची, म्हणजे मला लवकर उरकता यावं. तेवढंच ती करू शकत होती.

त्याच वर्षी शालूताईचं लग्न ठरलं, आणि ठरलं नेमकं रोह्यात. मुलगा सुधाकर, तिथल्या एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. घर चांगलं, माणसं साधी. आबांना आनंद झाला आणि लगेच धास्ती बसली. रोह्याच्या मैदानात सगळ्यांनी मला पाहिलेलं. वऱ्हाडातल्या एकानं जरी ओळखलं, तरी नवरीच्या घरात असला भाऊ आहे म्हणून बोभाटा होईल, लग्न मोडेल, असं त्यांनी आणि काकूनं ठरवून टाकलं. पाहुण्यांना सांगितलं, पोरगा मुंबईला कामाला हाय, रजा नाय मिळाली.

लग्न आमच्याच दारात होतं. सकाळी वऱ्हाडाचा टेम्पो यायच्या आधी आबांनी मला माळ्यावर चढवलं. तिथं पापडाचे डबे असायचे. वर पत्रा, उन्हाळ्याचं ऊन. ‘आवाज नाय पायजे,’ ते म्हणाले, आणि शिडी काढून नेली. शालूताई हळदीच्या अंगानं खाली उभी होती. ती म्हणाली, ‘आबा, असं नका करू. माझा एकच भाऊ हाय.’

‘तुला संसार पायजे का भाऊ पायजे?’ आबांनी विचारलं.

ती रडायला लागली, तर काकूनं तिला दटावलं, की काजळ पसरेल.

मी पत्र्याखाली बसून बहिणीचं लग्न ऐकलं. मंगलाष्टकं, टाळ्या, वाजंत्री. मग कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, ‘चला, नवरीचा भाऊ कुठंय? कानपिळी राहिली!’ नवऱ्या मुलाचा कान नवरीच्या भावानं पिळायचा असतो, आणि नवऱ्यानं त्याला मान द्यायचा असतो. खाली क्षणभर घोटाळा झाला. मग आबांचा आवाज आला, ‘हा काय, हा हाय की भाऊ,’ आणि शेजारच्या घरातला एक पोरगा पुढं ढकलला गेला. त्यानं कान जोरात पिळला असावा, कारण सगळे खो खो हसले. मी तोंडात सदऱ्याची बाही कोंबली. माझं रडणंसुद्धा बाईसारखं बारीक यायचं, आणि ते खाली गेलं असतं.

दिवाळसणाला सुधाकरभावोजी पेणला आले. मला धरमतरला मावशीकडे पाठवायचं ठरलं होतं, पण त्या दिवशी डोकं असं फुटत होतं आणि उलट्या होत होत्या की मला चालवेना. म्हणून मागच्या पडवीत पडून राहायला सांगितलं. थोडं बरं वाटल्यावर पाण्याची बादली घेऊन निघालो तो थेट भावोजींवर आदळलो. ते बाजूनं येत होते, मला दिसलेच नाहीत. बादली सांडली. मी पळायला बघत होतो, तर त्यांनी हात धरला.

‘तू मधू ना? शालूनं मला सगळं सांगितलंय. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी.’

मी तोंडावर हात धरला. बोललो असतो तर आवाज ऐकू गेला असता.

‘घाबरू नको रे. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक हाय. मी त्या मॅचला होतो. तेव्हाच मला वाटलेलं, हा पोरगा घाबरत नाय, याला दिसत नाय.’ मग त्यांनी विचारलं, ‘समोरचं नीट दिसतं? आणि बाजूचं?’

इतक्या दिवसांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी मान हलवली, नाही. आणि त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे माळ्यावरच्या त्या दुपारची कुणालाच गरज नव्हती. ज्यांच्यापासून मला लपवलं, त्यांना मी चालत होतो. हे मला त्या पडवीत, ओल्या पायांनी उभं असताना कळलं.

भावोजींनी आबांना सांगितलं, याला मी रोह्याला डॉक्टरांकडे नेतो. आबा म्हणाले, ‘न्या. परत नाय आणलात तरी चालंल.’ हे ते जावयाशी थट्टेत बोलले असं काकू नंतर म्हणायची. आई माझी पिशवी भरत होती, ती थांबली, आणि मग पुन्हा भरायला लागली. भरून झाल्यावर ती चप्पल घालून माझ्याबरोबर निघाली. आबांनी तिला अडवलं नाही. बहुतेक त्यांच्या लक्षातच आलं नाही.

रोह्यातल्या डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं, त्यांच्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि दोन्ही हात लांब पसरून बोटं हलवत हळूहळू आत आणली. ‘दिसलं की सांग.’ बोटं त्यांच्या कानांपाशी आली तेव्हा कुठं मला दिसली. त्यांनी पुन्हा केलं. मग पडदा ओढून मला तपासलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, ‘छातीतून दूध येतं का?’

पडद्यापलीकडून आईचा आवाज आला, ‘येतं. दोन वर्सं झाली.’

डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. कागदावर डोकं काढलं. नाकाच्या मुळाच्या मागं, मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. पुरुषाचं पुरुषपण खाली तयार होतं खरं, पण त्याचा हुकूम वरून, या वाटाण्यातून सुटतो. हुकूम आला की वृषणं कामाला लागतात, मग आवाज, दाढी, सगळं. माझ्या त्या ग्रंथीवर गाठ आली होती. बाळंतिणीच्या अंगात दूध उतरवणारं जे द्रव्य असतं, ते ती गाठ रात्रंदिवस सोडत होती, आणि त्या द्रव्याच्या पुरापुढं वरचा हुकूम बंद पडला होता. गाठ वाढून वरच्या बाजूला, जिथं दोन्ही डोळ्यांच्या शिरा एकमेकींना ओलांडतात, तिथं दाबत होती. म्हणून बाजूचं दिसत नव्हतं. ‘यात याची काही चूक नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘आणि तुमचीही नाही, बाई.’ आईनं पदर तोंडाला लावला.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात रक्त तपासलं, डोक्याचे फोटो काढले, आणि वरच्या ओठाखालून, नाकाच्या मागून गाठ काढली. सगळी निघाली नाही. उरलेली आवळून धरायला गोळ्या दिल्या. डाव्या डोळ्याला बाजूचं पुन्हा दिसायला लागलं, उजव्याला फारसं नाही. आबा एकदा आले. मोठे डॉक्टर त्यांना सांगत होते, की गाठ फार दिवस राहिल्यामुळं ग्रंथी बरीचशी निकामी झालीय; बाहेरून सुया द्याव्या लागतील, त्यानं आवाज फुटेल, दाढी येईल; पण त्या सुयांनी मूल होत नाही. त्याचे उपचार वेगळे, लांबलचक, आणि याच्या बाबतीत आशा फार थोडी. आबांनी मधेच तोडून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं, ‘म्हंजे दाढी येनार ना?’ शेजारच्या खाटेवरचे हसले. डॉक्टर ‘येईल’ म्हणाले. आबा उठून पेणच्या एस.टी.ला गेले. उरलेलं आईनं ऐकलं.

दाढी आली. वर्षभरात आवाज फुटला, उशिरा आणि वेडावाकडा. कधी चढायचा, कधी घसरायचा. मी ताईकडेच रोह्याला राहत होतो. भावोजींच्या ओळखीनं कंपनीच्या स्टोअरमध्ये लागलो होतो. एके दिवशी आबांचा निरोप आला, घरी ये. गेलो तर अंगणात न्हावी बसलेला, आळीतली माणसं जमलेली. आबांनी माझी हनुवटी धरून सगळ्यांना दाखवली, बैलाचे दात दाखवावेत तशी. ‘बघा! बोलत व्हता ना कोन कोन? बघा आता.’ न्हाव्यानं दाढी केली. मग कळलं, दुपारी वडखळजवळच्या गावची माणसं येणार होती. मुलगी द्यायची होती त्यांना.

ती माणसं आली. मुलीचे वडील पांढऱ्या टोपीतले, हळू बोलणारे. त्यांनी मला नोकरीचं विचारलं, शिकलास किती ते विचारलं. मग म्हणाले, ‘आमची पोर गरीब सोभावाची हाय. पोराबाळांचा फार लळा तिला. घर भरलं की झालं.’

मी म्हणालो, ‘मला मूल होणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय.’ माझा आवाज मधेच चिरकला.

आबा हसले. ‘पोर लाजतंय. थट्टेची सवय हाय त्याला.’

‘थट्टा नाही, आबा.’

‘गप बस!’ आणि पाहुण्यांकडे वळून, ‘खोटं बोलतोय. लग्न नको म्हनून बोलतोय. माझं रगत हाय ते, होनार नाय कसं?’

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती तशीच म्हणाली, ‘पोर खरं सांगतंय. डॉक्टर माझ्यासमोर बोलले. तुमच्या पोरीचं वाटोळं करू नका.’

मुलीच्या वडिलांनी चहा घेतला नाही. आईला मात्र त्यांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि माणसं घेऊन निघून गेले. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘त्या गाठीच्या जागी तुलाच कापून टाकला असता मुंबईत, तर सगळ्यांचंच बरं झालं असतं.’ आईला ते काहीच बोलले नाहीत. तेव्हाही नाही, आणि त्यानंतरही कधी नाही.

हे मी वाढवून लिहीत नाही. एकाच घरात, एकाच छपराखाली, आबा आईशी पुन्हा बोलले नाहीत. तिच्या हातचं जेवले नाहीत. आई रांधायची, काकू वाढायची. वाढायच्या आधी ‘कुनी केलंय?’ असं आबा रोज विचारायचे आणि काकू रोज ‘मी’ म्हणायची. मी रविवारी जायचो तो मागच्या दारानं. दर वेळी म्हणायचो, ‘आई, रोह्याला चल. ताई वाट बघतेय.’ ती लाटणं न थांबवता म्हणायची, ‘इथं मला काय तरास हाय? बोलत नाय एवढंच. आधी तरी कुठं बोलत व्हते?’

आबा आजारी पडले तेव्हा मला बोलावणं आलं. भर दुपार होती. ते खाटेवर होते, ओठ सुकलेले, कुणाला ओळखतात कुणाला नाही असं चाललेलं. त्यांनी पाणी मागितलं. जवळ आई होती. तिनं पेला भरला आणि त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी डोळे उघडले, हात कुणाचा ते बघितलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. काकू पुढं आली. तिनं आईच्या हातातून पेला घेतला आणि त्यांच्या तोंडाला लावला. आबा दोन घोट प्यायले. आईचा हात अजून तसाच पुढं होता.